चार वॅट आणि चार फुटी काठी

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी अजूनही सांगतात, मुलगा अमेरिकेत लॉजिस्टिक्समध्ये आहे. खोटं नाही. 53 फुटी ट्रेलर मी ओढतो, म्हणजे लॉजिस्टिक्समध्ये सगळ्यात पुढे मीच. इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री वाया घालवली असं आत्याचं मत आहे आणि दर दिवाळीला ती ते फोनवर न चुकता कळवते. आत्या, ही पोस्ट खास तुझ्यासाठी.

वायोमिंगमधला आय-80 महामार्ग हिवाळ्यात वाऱ्यापायीसुद्धा बंद करतात. रिकामा ट्रेलर असेल तर वारा सरळ आडवा पाडतो. बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला रेंज नाही, आणि असली तरी पुढच्या उतारावर डाव्या लेनमध्ये बर्फ धरलाय हे फोन सांगत नाही. ते सांगतो समोरून येणारा ट्रकवाला, सीबी रेडिओवर, म्हणजे गाडीत बसवलेल्या बोलायच्या-ऐकायच्या बिनतारी सेटवर, 19 नंबरच्या चॅनेलवर. माझा सेट नवा होता. मला लोक ऐकू यायचे, मी मात्र कोणालाच ऐकू जात नव्हतो.

इथल्या ट्रक-स्टॉपच्या दुकानात सीबीच्या सामानाची अख्खी भिंत असते आणि त्या भिंतीचा मला मनस्वी राग आहे. चकचकीत क्रोमचे सेट, सात रंगांत उजळणारे डिस्प्ले, प्रतिध्वनी काढणारे माइक. अहो, कायद्याने एएमवर, म्हणजे नेहमीच्या बोलण्याच्या पद्धतीत, सगळ्यांना चारच वॅट! चॅनेलही तीच 40, 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झ. स्वस्त सेट घ्या की महाग, हवेत जाणारी ताकद तेवढीच. फरक पडतो तो अँटेनाने, आणि अँटेना दुकानदार सगळ्यात शेवटी दाखवतो, भाजीवर फुकटची कोथिंबीर टाकावी तशी. बसवून देतो, पण मीटर लावून बघत नाही. मीटर कुठेय विचारलं की तोही विकायलाच काढतो.

या लहरींची लांबी 11 मीटर. चांगली उभी अँटेना त्याच्या पावपट हवी, म्हणजे पावणेतीन मीटर. आता साडेतेरा फूट उंचीच्या गाडीवर एवढी काठी लावली तर पहिल्याच पुलाखाली तिचा निकाल. म्हणून फायबरग्लासच्या चार फुटी काठीवर तार गुंडाळून लांबीची भरपाई करतात. त्यात थोडी ताकद जाते, शिवाय ट्यूनिंग फार नाजूक होतं. मोटारीला लोहचुंबकाची बैठक उत्तम. पत्र्याच्या छपराच्या मधोमध ठेवली की खालचा पत्राच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होतो. माझी केबिन ॲल्युमिनियमची आणि बॉनेट फायबरचं, चुंबक चिकटणार कुठे? म्हणून आरशाच्या दांड्यावर क्लॅम्प.

नेब्रास्काकडचा एक सत्तरीचा ड्रायव्हर शेजारी पार्क करून उभा होता. माझं रडगाणं त्याने ऐकलं, गेला, आणि आपला एसडब्ल्यूआर मीटर घेऊन आला. अँटेनाकडून किती ताकद माघारी येते ते हा सांगतो; आकडा एकच्या जितका जवळ तितका चांगला. आधी मला सगळ्या ट्रेलरांपासून दूर, मोकळ्या कोपऱ्यात गाडी न्यायला लावली, कारण आजूबाजूचं लोखंड आकडा बिघडवतं. दारं बंद, अँटेनाजवळ कोणी उभं नाही. सेट आणि अँटेनाची केबल यांच्यामध्ये मीटर जोडला. माइकचं बटण दाबून काटा खुणेवर आणायचा, मग स्विच उलटा करून परत येणारी ताकद वाचायची. चॅनेल 1, 19, 40. तिन्हीकडे काटा तीनच्या पलीकडे, लाल पट्ट्यात.

तीन म्हणजे पाठवलेल्यातली पाव ताकद माघारी येते, आणि अशा स्थितीत बोलत राहिलं तर सेटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. सगळ्याच चॅनेलवर आकडा वाईट असेल तर दोष बहुधा लांबीचा नसतो, जोडणीचा असतो. हे मला ठाऊक होतं, अशी गणितं सोडवायचा स्मिथ चार्ट नावाचा आलेख काढूनच पास झालोय. पण कुठे बघायचं ते त्याला ठाऊक होतं. आरशाचा दांडा रबरी बुशांवर बसलेला, वर जाड रंग, म्हणजे चासीशी त्याचा विजेचा संबंधच नाही, अँटेनाचा दुसरा अर्धा भागच गायब. त्याने दांड्याखालचा रंग पोलिश पेपरने घासून धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला आणि चपट्या वेणीच्या तारेने दांडा चासीला जोडला.

काटा धाडकन खाली आला. चॅनेल एकवर 1.9, चाळीसवर 1.3. खालच्या चॅनेलवर आकडा जास्त म्हणजे काठी आखूड. त्याने टोकाची रबरी टोपी काढली, स्क्रू जरासा बाहेर फिरवला, परत मोजलं. दोन्ही टोकं दीडच्या आत येईपर्यंत हेच. चहासुद्धा घेतला नाही त्याने. इथे म्हातारी माणसं एकटी पडतात म्हणून हळहळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. आणि हो, त्याच 19 वर माझ्या उच्चारांची नक्कल करणारे, घाण बोलणारेही भेटतात. तेव्हा मी आवाज कमी करतो. बंद नाही करत.

इंदूरला मावसभावाने थार घेतलीय. तो म्हणतो, “भिया, एक सेट आणि असली काठी पाठव ना, मांडूच्या घाटात मजा येईल.” नाही पाठवणार. आपल्याकडे 2005 पासून 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंत विनापरवाना आहे. म्हणजे ताकद अमेरिकेपेक्षा एक वॅट जास्तच! पण अट अशी की अँटेना सेटमध्येच बसवलेली हवी. थारच्या छपरावर काठी लावली की ती सूट गेली. अमेरिकेने 1983 मध्ये परवाना काढून टाकला आणि गाडीवरची काठी तशीच राहू दिली, तरी आकाश कोसळलं नाही. अर्थात इंदूरवरून जाणाऱ्या ए.बी. (आग्रा-बॉम्बे) रोडवर प्रत्येक ट्रकवर सीबी असती तर 19 वर काय ऐकावं लागलं असतं, याचाही विचार करावा.

तर मावसभावाने हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. इंदूरजवळ महूला लष्कराचं दूरसंचाराचं कॉलेज आहे, या विषयातले निवृत्त लोक त्या भागात भेटतील, शिकवतीलही. पास झाला, परवाना हातात आला की 144 मेगाहर्ट्झची काठी लावावी. ती पावपट धरली तरी जेमतेम अर्धा मीटर, आणि थारच्या बॉनेटला चुंबक लागतं का ते आधी बघून ठेव म्हणावं.