फाळका आणि जॅक यांच्यामधले चार इंच

आपल्याकडे उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला लोखंडी पिनेने अडकवतात, तर अमेरिकेत पिकअपमागे ओढायचे फिरते घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, एका पोलादी गोळ्यावर बसवतात. पिकअपच्या मागच्या बंपरखाली रिसीव्हर नावाची चौकोनी नळी असते. तिच्यात शँक, म्हणजे पोलादी दांडा, सरकवून आडवी पिन घालतात आणि शँकच्या टोकावरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, ट्रेलरचा कपलर, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाची खोबण, बसतो. कपलरच्या लगेच मागे ट्रेलरचा जॅक उभा असतो, आणि हल्ली त्याच्या माथ्यावर बहुधा विजेच्या मोटरचे डोके असते. अडचण याच डोक्याची होते. त्याची उंची पिकअपच्या हौद्याच्या तळापेक्षा थोडी जास्त भरते, त्यामुळे ट्रेलर जोडलेला असताना फाळका खाली पाडला की तो अर्ध्या वाटेतच जॅकवर आदळतो.

इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर तयार होतात. मात्र तिथून बाहेर पडणारा ट्रेलर कोणत्या पिकअपमागे लागणार, हे कारखान्याला ठाऊक नसते आणि पिकअप बनवणाऱ्यालाही पुढचा ट्रेलर कोणता ते माहीत नसते, म्हणून या दोघांमधल्या फटीची जबाबदारी शेवटी मालकावर येते. आम्ही राहतो त्या मिशिगनमध्ये उन्हाळ्यात कॅम्पिंगला निघालेल्या कुटुंबाचे जनरेटर, जळण, खुर्च्या असे सगळे सामान हौद्यातच असते. ते काढण्यासाठी वाटेत ट्रेलर सोडवायचा म्हणजे चाकांना उटी लावणे, साखळ्या, विजेचा प्लग आणि ब्रेकची तार काढणे, बॉलवरचे वजन पुढच्या चाकांवरही वाटणारे दांडे उतरवणे आणि मग हे सगळे पुन्हा जोडणे.

बहुतेकांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे लांब शँक. असे दांडे असलेल्या जोडणीसाठी, म्हणजे वजन वाटणाऱ्या हिचसाठी, नेहमीच्या सुमारे 12 इंचांऐवजी 18 इंचांचे शँक मिळतात, आणि बॉल चार इंच मागे गेला की फाळका मोकळा होतो. पण याची किंमत कुठे मोजावी लागते, ते हिशेब मांडल्यावरच कळते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार बॉलवर येतो. तो 300 किलो आहे, पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, 370 सेंटिमीटर आहे आणि मागच्या आसापासून बॉल 150 सेंटिमीटरवर आहे, असे धरू. वजन वाटणारे दांडे नसतील, तर या भारामुळे पुढच्या चाकांवरून सुमारे 122 किलो वजन उचलले जाते. बॉल आणखी 10 सेंटिमीटर मागे नेला की हा आकडा सुमारे 130 होतो, म्हणजे स्टिअरिंगच्या दृष्टीने फरक लहानच आहे. रिसीव्हरचे मात्र तसे नाही. पिनेपासून बॉलपर्यंतचे अंतर 25 सेंटिमीटरवरून 35 वर गेले, तर रिसीव्हरला पिळणारा जोर 40 टक्क्यांनी वाढतो. शिवाय बॉल आसापासून जितका दूर, तितका ट्रेलरचा आडवा झोल पिकअपच्या शेपटीला जास्त ओढतो. रिसीव्हरमध्ये सरकवायचा जोडतुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, तर मी जड ट्रेलरसाठी वापरणार नाही. त्याने भार ओढण्याची अनुज्ञेय मर्यादा मोठ्या प्रमाणात खाली येते आणि ती किती, हे त्या तुकड्यावरच छापलेले असते.

म्हणून माझ्या मते सुरुवात ट्रेलरच्या बाजूने करावी. ट्रेलर पूर्ण भरून, जोडून आणि सपाट जमिनीवर उभा करून मगच टेप लावावी, कारण भाराने पिकअपची मागची बाजू दबते आणि फाळकाही त्याबरोबर खाली येतो. रिकाम्या गाडीवर घेतलेले माप फसवे ठरते. जॅक सांगाड्याला सहसा त्रिकोणात बसवलेल्या तीन बोल्टांनी धरलेला असतो, त्यामुळे ते काढून तो एक-तृतीयांश फेरा वळवता येतो आणि पुढे डोकावणारे मोटरचे डोके बाजूला जाते. तारेची लांबी पुरते का आणि डोके गॅसच्या टाक्यांना अडत नाही ना, एवढे आधी पाहावे. कित्येकदा या एका बदलातच काम भागते. भागले नाही, तर बाजूने हँडल फिरवायचा, माथा आखूड असलेला जॅक बसवावा. विजेची सोय जाते, पण रिसीव्हरवर एक किलोचाही जादा ताण पडत नाही. त्यानंतरही एखादा इंच कमी पडला, तर तेवढ्यापुरतेच लांब शँक घेणे मला योग्य वाटते.

आता पिकअप बनवणाऱ्यांनीही याकडे लक्ष दिले आहे. रॅमने 2019 मध्ये दोन असमान पानांत, दारासारखा बाजूला उघडणारा फाळका आणला, तर फोर्डने 2024 च्या एफ-150 साठी फाळक्यातच एक बाजूला उघडणारे दार दिले. याउलट जीएमसीच्या 2019 पासूनच्या मल्टिप्रो फाळक्याचे आतले पान खाली पडते आणि बॉल धरणारा शँक बसवलेला असेल तर त्यावरच आपटते. म्हणून नवीन गाडी घेताना फाळका हिच लावूनच उघडून पाहावा.

किल्लीवरच्या बटणाने उघडणारा फाळका असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. खिशात बटण चुकून दाबले गेले की फाळका आपोआप पडून जॅकवर आदळू शकतो, आणि रिव्हर्स कॅमेरा बहुधा त्याच पत्र्यात असतो. काही गाड्यांत ही सोय सेटिंगमधून बंद करता येते, तर इतर गाड्यांचे कित्येक मालक ट्रेलर जोडला की त्याचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात.