सीट कधी वळवायची?

मुलीला दोन वर्षे पूर्ण होत आली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने मला एकच गोष्ट सुचवून पाहिली, ती म्हणजे तिची कार सीट आता पुढे वळवावी. सासूबाईंना तिचे दुमडलेले पाय बघवत नव्हते, नवऱ्याला गाडी चालवताना तिचा चेहरा दिसत नव्हता आणि मला स्वतःला, खरे सांगायचे तर, तिला उचलून त्या अडचणीच्या जागेत बसवण्याचा कंटाळा आला होता. तरीही सीट वळवण्याआधी ती इतके दिवस पाठमोरी, म्हणजे मुलीचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी, का ठेवली होती, हे मला नीट समजून घ्यायचे होते, कारण तोपर्यंत ते आम्ही केवळ माहितीपुस्तिकेत लिहिले आहे म्हणून करत आलो होतो.

समोरून धडक बसली की गाडी थांबते, पण आतली माणसे आधीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड हार्नेसचे पट्टे धरून ठेवतात. डोके मात्र कशालाच बांधलेले नसते, त्यामुळे ते पुढे झेपावते आणि त्याचा सारा ताण मानेवर येतो. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, प्रौढाचे मात्र सातव्या-आठव्या हिश्शाएवढेच, म्हणजे लहान मुलाच्या मानेला शरीराच्या मानाने फार मोठे ओझे पेलावे लागते. त्यातच त्या वयात मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. एकेका मणक्याचे भाग कूर्चेने जोडलेले असतात आणि ते सांधून एकसंध व्हायला तिसऱ्या वर्षापासून पुढची काही वर्षे लागतात. हाडांना जोडणारे अस्थिबंधही सैल असल्यामुळे मणके एकमेकांपासून ताणले जाऊ शकतात, पण त्यांच्या आतला मज्जारज्जू तेवढा ताण सोसू शकत नाही. पाठमोऱ्या सीटमध्ये हेच मूल पाठ, मान आणि डोके अशा सगळ्यांसह एकदमच सीटच्या कवचात दाबले जाते आणि धक्का साऱ्या पाठीवर विभागला जातो.

या कल्पनेचे मूळ मला फार आवडले. स्वीडनमधले संशोधक बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी जसे पाठीवर रेलून बसत, त्यावरून 1960 च्या दशकात मुलांसाठी पाठमोरी सीट सुचवली आणि 1972 मध्ये व्होल्व्होने तशी सीट विक्रीला आणली. स्वीडनमध्ये आजही चार वर्षांपर्यंत मुले पाठमोरी बसतात आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

आता जरा अवघड भाग. आमच्या घरच्या वादात माझे हुकमी पान होते एक आकडा: दुसऱ्या वर्षात पाठमोरे बसलेले मूल पाचपट सुरक्षित असते. ‘इन्ज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात 2007 मध्ये आलेल्या, अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासातून तो आकडा आला होता आणि मी तो सासूबाईंना दोनदा, नवऱ्याला बहुधा दहादा ऐकवला होता. पुढे वाचताना कळले की सुमारे दहा वर्षांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा संख्याशास्त्रीय पद्धतीतली चूक उघड झाली आणि तो अभ्यास मागे घेण्यात आला. नव्या तपासणीत असे दिसले की कोणत्याही दिशेने बसलेल्या, पण सीटमध्ये बांधलेल्या मुलांना गंभीर इजा होण्याचे प्रसंग मुळातच इतके थोडे होते की त्यांवरून दोन दिशांमधला फरक ठामपणे सांगता येत नव्हता. मला ओशाळल्यासारखे झाले, जेवताना मी तो आकडा मागे घेतला, तर नवरा म्हणाला, “मग वळवू या की!” त्यावर उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आकडा पडला तरी मानेची रचना आणि धडकेचे गणित बदललेले नाही, आणि पाठमोरे ठेवल्याने तिचे नुकसान काय होते, याचे ठोस उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

पायांचे म्हणाल तर ती काळजी मोठ्यांची आहे. मुले मांडी घालून किंवा पाय सीटच्या पाठीवर टेकवून मजेत बसतात, आणि पायांच्या दुखापती पुढे तोंड करून बसलेल्या मुलांमध्ये अधिक आढळतात, कारण धडकेत त्यांचे पाय समोरच्या सीटवर जाऊन आदळतात. सासूबाईंना हे पटले नाही, पण त्यांनी विषय सोडून दिला.

वय हा आकडा सोपा असतो, म्हणून नियम त्याला धरून बसतात. युरोपातल्या जुन्या नियमानुसार 9 किलो वजन झाले की मूल पुढे वळवता येत असे. काही बाळे ते वजन वर्षाच्या आतच गाठतात. 2013 पासूनच्या नव्या नियमाने ती मर्यादा 15 महिन्यांवर नेली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2011 मध्ये दोन वर्षांची शिफारस केली आणि 2018 मध्ये वयाचा उल्लेखच काढून टाकून, त्या सीटची पाठमोरी मर्यादा संपेपर्यंत, एवढेच म्हटले. यांतल्या 9 किलो आणि 15 महिने या किमान अटी आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. त्या पूर्ण झाल्या की सीट वळवलीच पाहिजे, असा त्यांचा अर्थ नाही.

म्हणून आम्ही वाढदिवसाऐवजी मोजपट्टी धरली. आमच्या सीटच्या पुस्तिकेप्रमाणे पाठमोऱ्या स्थितीत वजन 18 किलोच्या आत हवे होते आणि डोक्याच्या वर कवचाची किमान अडीच सेंटिमीटर कड उरायला हवी होती. पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून येणे ही बसवण्याची अट वेगळी. वजन किंवा उंची, यांपैकी जी मर्यादा आधी संपेल ती निर्णायक. वाढत्या वयाबरोबर सीट थोडी ताठ करता येते, हेही तेव्हाच कळले आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला गुडघे ठेवायला जागा मिळाली. पाठमोरी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही, हे इथे लिहिण्याची गरज नसावी, तरी लिहिते. आणि पट्टे सैल असतील किंवा खाली जाड जाकीट असेल, तर दिशेची ही सगळी चर्चा व्यर्थ आहे. खांद्यावरच्या पट्ट्याची चिमटीत घडी येत असेल तर तो आणखी आवळायला हवा.

एखाद्या मुलाला पाठमोरे बसून खरोखरच मळमळत असेल आणि तो रोजचा छळ होत असेल, तर वयाची आणि सीटची किमान अट पूर्ण झाल्यावर त्याच्या पालकांनी सीट वळवली म्हणून मी त्यांना बोल लावणार नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही.

तीन वर्षे आठ महिन्यांची असताना तिचे वजन साडेचौदा किलो होते, म्हणजे मर्यादेच्या बरेच आत, पण डोक्याच्या वर जेमतेम दोन सेंटिमीटर उरले होते. त्या रविवारी आम्ही सीट वळवली. पट्टे खांद्याच्या वरच्या खाचांत ओवणे आणि सीटच्या माथ्यावरचा पट्टा गाडीच्या कडीत अडकवून आवळणे यात माझा अर्धा तास गेला. पहिल्याच फेरीत तिने वडिलांच्या सीटच्या पाठीवर बूट आपटायला सुरुवात केली, आणि पाच मिनिटांनी त्यांनीच विचारले, ही पुन्हा उलटी करता येते का?