तयार मिळतं, मग टेबल का बनवलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि आता एकदाच. देव्हारा न्यायला आलेलं गिऱ्हाईक असो की गणपतीला मुंबईहून आलेला चुलतभाऊ, माणूस आधी टेबलाभोवती एक फेरी मारतो, माझ्या डाव्या हाताकडे बघायचं टाळतो आणि मग विचारतो, "राउटर टेबल तयार मिळतं की आता. सात महिने कशाला घालवलेस?" राउटर म्हणजे जोरात फिरणाऱ्या पात्यानं, म्हणजे बिटानं, लाकडाला खाच किंवा गोलाई मारणारं यंत्र. टेबलाखाली तो उलटा टांगायचा, बिट फळीतून वर येतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं.

इतके दिवस मी मापाचं कारण सांगत आलो. परवडणारी तयार टेबलं ॲल्युमिनियमची, हलकी, लहान. दरवाजाची सात फुटी उभी पट्टी त्यावर सरकवायला घेतली की टेबलच एका बाजूनं उचलतं. शिवाय मी उंच आहे. सदतीस इंचांखाली काहीही असलं की संध्याकाळी कंबर बोलते. हे सगळं खरं आहे. पण एवढ्यासाठी सात महिने लागत नाहीत, दोन आठवडे लागतात. सुतारकाम कळणाऱ्यांना ते कळतंच, म्हणून ते पुन्हा विचारतात.

पहिलं टेबलही मीच केलं होतं. १८ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, सनमायका फक्त वरून. खालून कोण बघतंय, हा हिशेब. कुडाळच्या पहिल्याच पावसाळ्यात खालच्या उघड्या बाजूनं दमट हवा प्यायली, वरची तशीच राहिली आणि फळी मधे खोलगट झाली. त्यात राउटरचं वजन. एकाच पट्टीत खाच कुठे आठ मिलिमीटर, कुठे साडेसहा. तेव्हाच ते मोडायला हवं होतं. मी खाली लाकडाची पाचर ठोकली आणि चालू ठेवलं.

आणि बटण. राउटर उलटा टांगला की त्याचं स्वतःचं बटण हाताला येत नाही. म्हणून ते चालूच ठेवून मी भिंतीवरच्या बोर्डावरून काम चालवायचो. कितीतरी जण असंच करतात. कितीतरी जणांची बोटं शाबूत आहेत, हेही मला माहीत आहे.

जुलैतली दुपार होती. देव्हाऱ्याच्या चौकटीला गोलाई मारत होतो, सागवान. लाइट गेली. पत्र्यावर पाऊस इतका होता की राउटर थांबल्याचा आवाजसुद्धा आला नाही, फक्त हातातली पट्टी पुढे जाईना. घरात गेलो, चहा घेतला, वीसेक मिनिटं बसलो. परत येताना बोर्डाकडे बघितलं नाही. अंधार होता, म्हणजे लाइट नाही, म्हणजे सगळं बंद. डोक्यात एवढंच. बिटाभोवती सागाचा भुसा चिकटून बसला होता. बिट बदलू म्हटलं, त्याआधी भुसा डाव्या हाताच्या बोटांनी खरवडायला घेतला.

आमच्या शेडमध्ये चोकवाली जुनी ट्यूब आहे. लाइट आली की ती दोनदा-तीनदा लुकलुकते, मग लागते. राउटर लुकलुकत नाही. तो मिनिटाला बावीस हजार फेऱ्यांवर लावलेला होता आणि तेवढ्यावर तो एका दमात जातो. म्हणजे झालं ते अंधारात झालं. दुखलं नाही, गार लागलं. मग ट्यूब लागली आणि मी टेबलाकडे बघितलं. हाताकडे नाही, टेबलाकडे. फळीवर काय पडलंय ते कळायला जरा वेळ गेला. मधलं बोट नखाच्या मुळापर्यंत गेलं, तर्जनीला पाच टाके. डाव्या हाताला रुमाल गुंडाळून, उजव्या हातानं बटण बंद करून मग घरात हाक मारली. बटण आधी बंद केलं, याचं मला अजून बरं वाटतं. का, ते विचारू नका.

आता लाज वाटावी असं सांगतो. त्याच शेडमध्ये, टेबलापासून पाच फुटांवर, विहिरीवरच्या पंपाचा जुना स्टार्टर खिळ्याला टांगलेला होता. लाइट गेली की त्याची कॉइल सुटते, खट करून तो पडतो. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय पंप सुरू होत नाही. हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. उलट, रात्री-अपरात्री लाइट आल्यावर पंप आपोआप चालावा म्हणून लोक मुद्दाम ऑटो बसवतात. माझं टेबल न बसवताच ऑटो होतं. दवाखान्यातून आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "पंपाक स्टार्टर लावलंस, आणि बोटां घालतस थंय नाय?"

तेव्हाचा मी म्हणेल, वीस वर्षांत असं झालं नव्हतं. नव्हतंच. त्याच्याशी वाद घालून मी दमलो आहे. तो हुशार आहे, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, आणि दहाही बोटं आहेत.

मग नवीन टेबल. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय फेविकॉलनं एकमेकांना चिकटवलेले, दोन्ही बाजूंना सनमायका, खालून लोखंडी अँगल. राउटर धरायला दहा मिलिमीटरची हायलम, म्हणजे बॅकेलाइटसारखी कडक शीट, चारी कोपऱ्यांतल्या स्क्रूनं फळीच्या पातळीत आणलेली. राउटरची स्प्रिंग काढून टाकली, कारण उलटा टांगल्यावर ती त्याला वर येऊ देत नाही, खालीच ढकलते. उंची कमी-जास्त करायला जुन्या गाडीचा कात्रीजॅक. फेन्सला, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं त्या आडव्या फळीला, मोजपट्टीचे आकडे का नाहीत, हाही एक नेहमीचा प्रश्न. बिट गोल आहे, फेन्स तिरका लागला तरी खाच फेन्सला समांतरच पडते. अंतर बिटापासून मोजायचं, संपलं. आणि पुढच्या पायावर, उजव्या गुडघ्यानंही बंद करता येईल अशा उंचीवर, तोच स्टार्टर. आतला रिले, म्हणजे जास्त करंट गेला की तोडणारा भाग, वायरमनकडून राउटरच्या अँपिअरला जुळेल असा बदलून घेतला.

मी लोकांना सांगायचो की तयार टेबलाला असला स्विच नसतोच. ते खोटं आहे. चांगल्या टेबलांना असतो. तेव्हाच घेतलं असतं तर बोट राहिलं असतं का? कदाचित. पण त्या टेबलावरसुद्धा मी भुसा बोटांनीच खरवडला असता आणि पिन बोर्डातच ठेवली असती, हेही तितकंच खरं.

सात महिने लागले कारण मला ते संपवायचं नव्हतं. जोवर टेबल बनतंय तोवर राउटर लावावा लागत नाही. पायाचे सांधे मी कूस (खाचेत बसणारी जीभ) आणि खाच काढून, पटाशीनं केले. कुणी बघणार नव्हतं, गरज नव्हती. बायकोला हे तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. ती काही बोलली नाही, फक्त पटाशीला धार लावलेली बघितली की हसायची.

परवा दुपारी लाइट गेली. स्टार्टर खट करून पडला. मी तरीही बोर्डाचं बटण बंद केलं, पिन काढली, वायर गुंडाळून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवली. अर्ध्या तासानं ट्यूब लुकलुकली आणि लागली. पिन लावली. हिरव्या बटणापर्यंत हात गेला होता. उरलेल्या दोन पट्ट्यांची गोलाई त्या दिवशी रंध्यानंच मारली.