उलट्या तव्यावरचा पिझ्झा

आमच्या ओटीजीचा, म्हणजे घरातल्या विजेच्या छोट्या भट्टीचा, काटा २५० अंशांवर संपतो. नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत तापमान चारशेच्या वर असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून बाहेर येतो. तिथल्या पिझ्झावाल्यांच्या १९८४ साली स्थापन झालेल्या संस्थेने अस्सल पिझ्झ्याचे नियम ठरवून दिलेत, त्यात भाजायचे हे सेकंदही आहेत. माझ्या ओटीजीत मात्र पिझ्झा वीसेक मिनिटं बसायचा. चीज वरून तपकिरी व्हायचं आणि तळ पांढराच राहायचा. इतका वेळ आत राहिला की पिठातलं पाणी उडून जातं, मग कड कुरकुरीत होण्याऐवजी चिवट होते.

बरेच दिवस मी सॉस आणि वरच्या भाज्यांतच सुधारणा शोधत होते. खरी गोष्ट होती खालून मिळणाऱ्या उष्णतेची. ॲल्युमिनियमचा पातळ ट्रे गार असतो आणि तापला तरी उष्णता धरून ठेवत नाही. बिडाचा तवा धरतो. डोशाचा जाड, बिनदांड्याचा तवा मी वरून दुसऱ्या खणात उलटा ठेवला, दोन्ही रॉड चालू करून पाऊण तास तापवला आणि पिझ्झा थेट त्याच्या पाठीवर सोडला. खालची बाजू पहिल्यांदाच ठिपक्याठिपक्यांनी भाजली गेली. उलटा अशासाठी की काठ आडवा येत नाही, पिझ्झा सरळ सरकवता येतो. याच कामासाठी दगडी फरशीही मिळते, पण लोखंडातून उष्णता दगडापेक्षा कितीतरी लवकर पिठात जाते. घरात बिडाचा तवा असेल तर फरशीवर पैसे घालू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

आता पीठ. मैद्याच्या पाकिटामागे १०० ग्रॅमला प्रथिनं किती ते छापलेलं असतं. मी ११ किंवा त्याहून जास्त बघून घेते, कारण पिठाला ताण देणारं ग्लुटेन त्यातूनच तयार होतं. ५०० ग्रॅम मैद्याला ३१० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि चमचाभर तेल. नेपल्सच्या पिठात तेल नसतं, पण आपला पिझ्झा जास्त वेळ भाजावा लागतो आणि तेलामुळे तो मऊ राहतो. सगळं वजनावर घ्यायचं, पाणीसुद्धा. वाटीने मोजलेला मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि पिठाचा सगळा स्वभाव त्याने बदलतो.

मळण्याचा धडा मला आईकडून मिळाला. हाताला चिकटतंय म्हणून मी आणखी मैदा घ्यायला निघाले, तर ती म्हणाली, “अगं, पुरणपोळीची कणीक तिंबताना आपण वरून पीठ घालतो का? सैल असू दे, तिंबत राहा.” पुरणपोळीच्या कणकेला तिंबून तिंबून तार आणतात, तेच इथे करायचं होतं. आधी नुसता मैदा आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवलं की अर्धं काम आपोआप होतं. मग यीस्ट, मीठ आणि तेल घालून दहा मिनिटं मळायचं. लहान तुकडा बोटांनी ताणून उजेडासमोर धरला आणि न फाटता पडद्यासारखा पातळ झाला, की पीठ झालं.

त्यानंतर ते फ्रिजमध्ये जातं, निदान २४ तास. माझ्या मते घरच्या पिझ्झ्यात चवीचा सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. गारठ्यात यीस्ट मंदावतं, पण पिठातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करत राहतात. त्या साखरेमुळे चव येते आणि २५० अंशांतही कडेला रंग चढतो. पुण्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं पीठ बघता बघता फुगून आंबूस होतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पाणीही फ्रिजमधलंच घेते. एवढ्या पिठाचे चार गोळे होतात, साधारण २०५ ग्रॅमचे. भाजायच्या आधी दोन तास ते बाहेर काढते, नाहीतर ताणताना आखडतात.

लाटणं वापरायचं नाही. त्याने आतली हवा निघून जाते आणि कड फुगत नाही. बोटांनी मधून बाहेर दाबत नेऊन नऊ इंचांपर्यंत ताणायचं, कडेचं बोटभर तसंच सोडायचं. खाली बारीक रवा भुरभुरते, त्यावर पिझ्झा घसरतो. इटलीतही बरेच जण त्यासाठी रवा वापरतात.

सॉस कच्चा असावा हे मला पटतं, पण आपल्या बाजारातला टोमॅटो पाणचट असतो. म्हणून लाल, लांबट टोमॅटो निवडून, बिया काढून, लसणीबरोबर आटवते. एका पिझ्झ्याला तीन चमचे पुरतात. ताजं मोझरेला पाण्यातलं असेल तर फाडून चाळणीत दोन तास निथळत ठेवायचं. प्रोसेस्ड चीज मी घालत नाही; ते मऊ होतं, पण त्याला तार येत नाही. मशरूम आधी परतून घ्यावे, कांदा आणि सिमला मिरची अगदी पातळ आणि थोडी. बेझिलसाठी कुंडीत सब्जा लावलाय. आपण फालुद्यात घालतो ते बी याच झाडाचं, आणि पानं पिझ्झ्यावर सुरेख लागतात.

पिझ्झा उलट्या ताटावर रचायचा आणि चटकन एक हिसका देऊन तव्यावर सोडायचा. रचायला वेळ लावला तर सॉसचं पाणी झिरपून तो ताटाला चिकटतो. सहा मिनिटं दोन्ही रॉड, शेवटी एक-दोन मिनिटं फक्त वरचा. दोन पिझ्झ्यांमध्ये तवा दहा मिनिटं पुन्हा तापू द्यावा लागतो. घरी चौघं असली की पहिला पिझ्झा सगळ्यांनी वाटून खायचा, तोवर दुसऱ्यासाठी तवा तयार होतो.

गोळे जास्त केले असतील तर तेलाचा हात लावून डब्यात झाकून ठेवा. फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतात, आणि मला तरी तिसऱ्या दिवशीचा पिझ्झा पहिल्या दिवशीपेक्षा जास्त आवडतो.