आमची वाटचाल : कानात काडी न घालता

२०११ साली दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागच्या गल्लीत कुत्र्यांना आंघोळ घालायच्या, केस कापायच्या दुकानासाठी भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा आमचं भांडवल म्हणजे एक टेबल, एक ब्लोअर आणि मेव्हण्याची निम्मी भागीदारी. ब्लोअर अजून चालतो. मेव्हण्याचं पुढे येईलच.

पहिली सहा वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा आहे तो २०१७चा पावसाळा. जूनमध्ये समोर काचेचं, एसीचं दुकान उघडलं आणि बाहेर फलक लागला, ‘आंघोळीबरोबर कानसफाई फुकट’. फुकट म्हटलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडतं, मग कुत्रं कितीही मागे ओढत असो.

त्यांची कानसफाई मी काचेतून पाहिली आहे. कापसाच्या काडीचा इअरबड आत घालून गरागरा फिरवायचा, शिह त्झूसारख्या केसाळ जातीच्या कानातले केस चिमट्याने उपटायचे, झालं. अरे, कुत्र्याची कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग काटकोनात पडद्याकडे वळते. बडने मळ बाहेर येत नाही, त्या वळणात ठासला जातो. धडधाकट कानातले केस उगाच उपटले की आतली कातडी दुखावते, सुजते. त्यात लोंबता कान आणि आपली जून ते सप्टेंबरची दमट हवा. यीस्टला, म्हणजे कानात वाढणाऱ्या बुरशीला, आणखी काय हवं?

आमची पद्धत साधी. आंघोळीआधी कानाच्या तोंडाशी कापसाचा बोळा. कॉकर या लांब कानांच्या जातीच्या कुत्र्याच्या पाळीच्या आतले, भोकाभोवतीचे केस मशीनच्या दहा नंबरच्या ब्लेडने उतरवायचे, म्हणजे हवा लागते. ब्लेड अधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं, तापलं असेल तर थांबायचं. आणि प्रत्येक कान हुंगायचा. हो, नाकाने! कुबट वास आला, आत लाली दिसली किंवा कुत्रं हात लावू देईना, तर आत काहीही न घालता डॉक्टरकडे पाठवायचं. पडदा शाबूत आहे का, हे ऑटोस्कोपशिवाय, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीशिवाय, कळत नाही. फाटलेल्या पडद्यातून नको ते औषध आत गेलं तर कुत्र्याचं ऐकणं जाऊ शकतं, तोल जाऊ शकतो. यावर गिऱ्हाईक म्हणायचं, “पैसे घेता आणि वर डॉक्टर दाखवता?”

जुलैत एका लॅब्रेडॉरच्या मालकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की आमच्याकडे आंघोळ घातल्यापासून कान वाहतोय. तो कुत्रा चार दिवस आधी गोराईला समुद्रात मनसोक्त डुंबून आला होता. पंजे चाटून चाटून तांबूस झालेले, म्हणजे अ‍ॅलर्जीची शंका आधीच होती. आला तेव्हाच कानाला वास होता, तसं कार्डावर लिहून मी त्यांची सही घेतली होती. कार्डाचा फोटो ग्रुपवर टाका म्हणून तिघांना विनवलं. कोणी टाकला नाही. कार्ड आजही माझ्या गल्ल्यात आहे, कोणाला बघायचं असेल तर या.

ऑगस्टमध्ये दिवसाला एखादं कुत्रं यायचं. तीन महिन्यांचं भाडं थकलं. मेव्हणा समोर नोकरीला लागला आणि जाताना माझी वाकडी कात्री घेऊन गेला. असो.

टिकलो ते शिवाजी पार्कच्या एका काकूंमुळे. त्यांचा कॉकर मोती दर तीन आठवड्यांनी यायचाच, पाऊस असो वा नसो. त्याचा कान थेंब घातले की बरा, बंद केले की पुन्हा वाहता. मी म्हटलं, “काकू, थेंबांनी कान बरा होईल, खाज कुठून येते ते शोधा.” त्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात गेल्या. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मॅलासेझिया, म्हणजे यीस्टच. उपचारांनंतर डॉक्टरांनी आठ आठवडे वेगळ्या आहारावर ठेवलं, मग जुनं खाणं परत देऊन पाहिलं. चिकनवर खाज आली. चिकन कायमचं बंद, कान शांत. काकूंनी हे कट्ट्यावर इतक्यांदा सांगितलं की दिवाळीपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं परतली.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कानात खोबरेल नको, पावडर नको, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच. मागच्या वेळचे उरलेले थेंब टाकून द्या. डॉक्टरांनी क्लीनर दिला असेल तर तो कानात ओतून मुळाशी अर्धा मिनिट चोळा, पचपच आवाज आला पाहिजे. मग कुत्र्याला मान झटकू द्या (तुम्ही लांब उभे राहा) आणि बोट जाईल तिथपर्यंतच कापसाने पुसा. रोज नाही हं. अती धुतलेला कानही बिघडतो. मान एका बाजूला कलली असेल तर यातलं काही करू नका, डॉक्टर गाठा.

२०१९मध्ये समोरचं दुकान बंद झालं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मेव्हणा दर गणपतीला जेवायला येतो. कात्री यंदा नक्की आणतो म्हणालाय.