लंडनात बोंब, वाडीच्या ग्रुपवर अंगठा

रविवारी हाईड पार्कला गेलेलो. मार्बल आर्चच्या बाजूला स्पीकर्स कॉर्नर म्हणून कोपरा आहे, तिथे कोणीही येतं, स्टूल टाकतं आणि बोलायला लागतं, १८७२ च्या कायद्यापासून हे चालू आहे. एक टकलू बाबा रंगारी वापरतात तसली घडीची शिडी घेऊन आलेला आणि राजाच्या नावाने शंख करत होता, राजवाडा विका नि गरिबांना घरं बांधा वगैरे, आणि समोर एक आजी, हातात थर्मास, त्याला वाक्यावाक्याला अडवत होती. अर्धा तास चालला हा शक्ती-तुरा, आपल्या कोकणातल्या सवाल-जवाबासारखा. शेवटी तो खाली उतरला तर आजीनेच थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्या हातात दिला. पोलीस लांब उभे, त्यांचं लक्षही नाही.

आता बघा इंग्रज किती भारी असलं काही लिहिणार नाहीये. २०२२ ला राणी गेली तेव्हा याच लंडनात पार्लमेंटसमोर एक वकील कोरा कागद धरून उभा राहिला, तर पोलीस त्याला म्हणाला यावर 'नॉट माय किंग' लिहिलंस तर अटक करीन, कोणाच्या तरी भावना दुखावतील. कोरा कागद हो! बोंबाबोंब झाल्यावर वरच्या साहेबाला जाहीर सांगावं लागलं की लोकांना निषेधाचा हक्क आहे. पण एक मात्र खरं, आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ ला ज्या राजद्रोहासाठी सहा वर्षं मंडालेला धाडलं तो गुन्हा यांनी स्वतःच्या देशात २००९ च्या कायद्याने काढून टाकला, आणि आपण तेच १२४ अ कलम सुप्रीम कोर्टाने २०२२ ला थांबवेपर्यंत वापरत बसलो.

कायद्याचं एक वेळ ठीक आहे, मला जास्त भीती आपल्याच माणसांची वाटते. २०१२ चं पालघर आठवतंय ना? बाळासाहेब गेले, बंद कशाला म्हणून एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने नुसतं लाईक केलं, दोघींना अटक, वर एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६ अ कलम २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, पण दवाखाना काही कुठल्या कलमाखाली फोडला नव्हता. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत राजापुरात रिफायनरीच्या विरोधात लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे, त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले. आमची देवगडची वाडी तिथून काही फार लांब नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडे तोंड उघडायला जागा नव्हती असं नाही. शिमग्याला होळीभोवती मोठमोठ्यांच्या नावाने बोंबा मारायच्या आणि ते पण हसायचे. दशावतारात संवाद लिहिलेलेच नसतात, संकासुर समोर बसलेल्या सरपंचालाही टोमणा मारून जायचा आणि सरपंच बक्षीस द्यायचा (कधी कधी पाच रुपयेच, पण द्यायचा).

आता वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोराने एवढंच विचारलं की मागच्या वर्षी केलेला रस्ता पहिल्याच पावसात कसा वाहून गेला. दहा मिनिटांत तो गावद्रोही, मग विकासविरोधी, मग थेट पाकिस्तान, आणि ॲडमिनने काढून टाकला. मी मोठा मेसेज टाईप केला त्याच्या बाजूने. टाकला नाही. इथे सात हजार किलोमीटरच्या वर लांब बसून माझा अंगठा थरथरतो तर तिथल्यांना काय बोलू?

दादाला, म्हणजे चुलतभावाला, वेगळा मेसेज केला की तू तरी बोल. त्याचा व्हॉईस मेसेज आला, मागे कोंबडा आरवतोय, "तू थंय बसान काय व्हया ता लिव, आमका हयच रवाचा आसा. रस्तो, नळ, दाखले, सगळा त्येंच्याच हातात."

त्याला काही उत्तर दिलं नाही. ग्रुपवर तेवढ्यात कोणीतरी नव्या जेट्टीच्या उद्घाटनाचा फोटो टाकलेला, हारतुऱ्यांसकट, त्यावर अंगठा टाकला आणि ट्यूब, म्हणजे इथली भुयारी रेल्वे, पकडली.