बेळगावच्या शिवारात पळायचं तर आधी माती बघा

बेळगावच्या आसपास पळायला शांत वाट शोधताना बहुतेक जण मोबाइलवर नकाशा उघडतात आणि किलोमीटर मोजतात. इथं किलोमीटरच्या आधी माती बघावी लागते. पूर्वेला सांबरा, मुतगा, बसवन कुडचीकडं काळी जमीन. दक्षिणेला वडगाव-येळ्ळूरचं शिवारही काळंच. पश्चिमेला बेळगुंदी-राकसकोपकडं निघालात की माती तांबडी होत जाते, आणि खानापूर-जांबोटीकडं तर जांभा दगडच वर येतो. जी पाणंद, म्हणजे शेतातली वाट, जानेवारीत सुरेख वाटते, तीच जुलैत पाऊल टाकू देत नाही.

काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. शंभर पावलांत बुटाखाली चिखलाचा थर बसतो, बूट जड होतो, चाल बिघडते आणि पोटऱ्या भरून येतात. खोल नक्षीचा तळवा इथं उलटा पडतो, कारण खाचांत चिखल घट्ट बसतो. सपाट तळव्याची माती निदान गवतावर घासून निघते. पाऊस थांबला म्हणून लगेच पाणंदीत शिरू नये. वरून सुकलेली दिसली तरी टाच दाबून बघावी. टाच रुतली तर त्या दिवशी डांबरी रस्ता. वडगाव-येळ्ळूर भागात बळ्ळारी नाला फुगला की पाणी शेतात पसरतं, तेव्हा त्या बाजूला जाऊच नये. काळ्या मातीचा दुसरा त्रास एप्रिल-मेमधला. जमिनीला भेगा पडतात, चिखलात उमटलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात, आणि घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. या वाटांचे खरे दिवस सुगी झाल्यावरचे, डिसेंबर ते फेब्रुवारी. भात निघालेलं असतं, मसूर-हरभऱ्याची हिरवळ असते आणि वाट बसून सपाट झालेली असते.

तांबड्या मातीत पाणी ठरत नाही. सरीनंतर थोड्याच वेळात पळता येतं, म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली तर पश्चिमेकडं वळावं. मात्र उतारावर मुरमाचे सुटे खडे असतात, ते पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. उतारावर ढांगा लांब टाकू नयेत. पावलं छोटी ठेवावीत आणि वजन पुढं न झुकवता पायांवरच राहू द्यावं. जांभ्यावर शेवाळ धरलं असेल तर पळू नये, चालावं.

बेळगुंदी ते राकसकोप हा या बाजूचा सगळ्यात चांगला रस्ता. चढउतार आहेत, पण दमछाक करणारे नाहीत. दोन्ही बाजूंना रताळी आणि भाताची शेतं. राकसकोप जलाशय मार्कंडेय नदीवर आहे आणि तिथून शहराला पिण्याचं पाणी जातं, त्यामुळं धरणाच्या बांधावर न चढता बाहेरच्या रस्त्यानंच परतावं. तुडयेकडं सरकलात की तुम्ही चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. पायांना सीमा कळत नाही, पाट्यांवरच्या अक्षरांवरून कळते.

चढाचा सराव हवा असेल तर येळ्ळूरजवळचा राजहंसगड. गडावर गाडीरस्ता जातो, म्हणून पाय ठेवताना विचार करावा लागत नाही. वर जाताना पळावं आणि उतरताना चालावं. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या चढानं नव्हे, उतरताना प्रत्येक पावलाला जो ब्रेक लागतो त्यानं. रविवारी उशिरा गाड्यांची गर्दी होते.

डांबरी रस्ता शांत आहे का हे किलोमीटरच्या दगडावरून कळतं. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. दोन्ही टाळावेत. केशरी डोक्याचा दगड म्हणजे ग्रामसडक, ती आपली. जांबोटीवरून चोर्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला झाडी कितीही सुंदर असो, गोव्याची वाहतूक त्यावरूनच जाते. रस्ता कुठलाही असला तरी उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे चौघं-चौघं ओळीनं पळतात, ते धोक्याचं आहे. त्यांना १६०० मीटरचा पट्टा लागतो. तो सपाट डांबरावरच आखावा आणि मोटारसायकलच्या मीटरवर १.६ किलोमीटर मोजून चुन्यानं खूण करावी. झाडांखाली फोनचं मोजमाप कमीजास्त होतं आणि वेळ उगाच चांगली किंवा वाईट दिसते.

कडोली, कंग्राळी, काकतीकडं ऊस आहे. गाळप सुरू झालं की पहाटेच दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागची ट्रॉली वळणावर कडेला झोल खाते, म्हणून आवाज आला की रस्ता सोडून उभं राहायचं. पडलेला ऊस चाकाखाली चिरडून रस्ता निसरडा होतो. पाला पेटवलेला असेल त्या दिवशी तिकडं पळूच नये, धूर खाली बसलेला असतो.

इथं सूर्य उशिरा उगवतो. जानेवारीत साधारण सातला, मेअखेरीस सहाला. थंडीत साडेपाचला निघालात तर तासाहून जास्त अंधारात पळणं होतं, तेव्हा बॅटरी हवीच. भातकापणीनंतर उंदरांमागं साप बांधावर येतात. घोणस हलत नाही आणि वाळल्या पाल्यात दिसत नाही, म्हणून वाटेच्या मधोमध पळावं आणि गवतात पाय घालू नये.

कुत्री गोठ्याजवळ असतात आणि त्यांना पळणारा माणूस आवडत नाही. वेग वाढवला की ती पाठ धरतात. थांबावं, चालत पुढं जावं, आणि गोठ्यात कुणी दिसलं तर ‘मामा, कुत्र्याला जरा हाक मारा’ म्हणावं. मामा लगेच हाक मारतात. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद-चुना लावू नये.

पावसात भिजलेले बूट चुलीजवळ ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो. आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोनदा बदलावेत.

जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला मात्र एकट्यानं आडवाटेला पळू नये. अस्वलं आणि गवे तिथं खरोखर आहेत, आणि अस्वल अचानक समोर आलं तर पळून सुटता येत नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. तिकडं पळायचंच असेल तर उन्हं वर आल्यावर, दोघा-तिघांनी, गप्पा मारत, गावाला जोडणाऱ्या डांबरी रस्त्यानं.